जेम्स टॉमस मोल्सवर्थ : कोशकाराचे चरित्र आणि शब्दमूलांचा शोध

मराठी कोशवाङ्मयाच्या परंपरेत मोल्सवर्थ हे नाव व्यक्तीचे नाव म्हणून जितके परिचित आहे त्याहून अधिक ग्रंथाचे नाव म्हणून परिचित आहे. एखादा शब्द मोल्सवर्थमध्ये सापडतो काय, असे अभ्यासक एकमेकांना सहज विचारतात, आणि तेव्हा त्यांच्या मनात चामडी बांधणीचा एक जाडजूड ग्रंथ असतो, माणूस नसतो. कोशकाराच्या दृष्टीने ही कीर्तीची परिसीमाच होय. परंतु या कीर्तीमुळे मोल्सवर्थ यांचे आयुष्य दुर्लक्षित राहिले आणि त्यांच्या आयुष्याचा व कोशाचा परस्परसंबंधही पुरेसा तपासला गेला नाही. परक्या सत्तेच्या सैन्यात नोकरीसाठी आलेला एक तरुण मराठी शब्दांच्या मागे लागतो, त्यात आयुष्याची उमेदीची वर्षे वेचतो, आणि अखेर ज्या पेशाने त्याला या भाषेपर्यंत आणले तो पेशाच सोडून देतो. या घटनाक्रमात काही अंतर्गत संगती आहे काय, हा प्रश्न चरित्राच्या आणि कोशविचाराच्या, अशा दोन्ही अंगांनी महत्त्वाचा आहे.

१. उमेदवारीची वर्षे

मोल्सवर्थ यांचा जन्म १५ जून १७९५ रोजी झाला. इंग्लंडमधील एक्सेटर येथे त्यांचे शिक्षण झाले आणि १८१२ मध्ये, वयाची सतरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात एन्साइन या सर्वांत खालच्या अधिकारपदावर दाखल झाले. हिंदुस्थानी व मराठी या भाषांचा अभ्यास करून त्यांनी त्या भाषांच्या परीक्षा दिल्या. पुढे ते लेफ्टनंट झाले आणि त्यानंतर कॅप्टन.

या पदनामांकडे कोशकाराच्या नजरेने पाहणे अप्रस्तुत ठरणार नाही. एन्साइन हा शब्द लॅटिनमधील चिन्ह या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. प्रथम त्याचा अर्थ निशाण असा होता, नंतर निशाण वाहणारा अधिकारी असा झाला. आपल्याकडील निशाणदार हा शब्द जवळजवळ त्याच वाटेने चालला आहे. लेफ्टनंट या शब्दाचे दोन फ्रेंच घटक आहेत, जागा आणि धरणारा. दुसऱ्याच्या जागी उभा राहून त्याचा अधिकार चालवणारा, हा त्याचा मूळ अर्थ. मराठी राज्यकारभारातील मुतालिक किंवा नायब यांच्याशी तो ताडून पाहता येतो. कॅप्टन हा शब्द लॅटिनमधील डोके या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. शब्द वेगवेगळे, कुळे वेगवेगळी, पण अर्थ बनण्याच्या रीती मात्र सारख्या, असा अनुभव दोन भाषांच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला पावलोपावली येतो. मोल्सवर्थ त्या सीमेवर वयाच्या सतराव्या वर्षीच येऊन उभे राहिले होते.

ज्या कंपनीची त्यांनी चाकरी धरली तिचे नावही या दृष्टीने बोलके आहे. कंपनी या शब्दात लॅटिनमधील भाकरीवाचक शब्द दडलेला आहे. एकत्र भाकरी खाणारे ते सोबती आणि अशा सोबत्यांची जूट ती कंपनी. मराठीने या शब्दाला कुंपणी असे रूप दिले, आणि कुंपण या देशी शब्दाची छाया त्यावर सहजच पडली. त्याच लॅटिन शब्दाचे पोर्तुगीज अपत्य पाव या रूपाने पश्चिम किनाऱ्यावर आधीच येऊन पोहोचले होते. अशा रीतीने कुंपणी सरकार आणि बाजारातला पाव या दोन अगदी भिन्न वाटणाऱ्या शब्दांचे मूळ एकच निघते. रोज उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांच्या पोटात असा लांबचा इतिहास असतो, आणि तो केवळ रूपावरून ओळखता येत नाही. शब्द कोणत्या वाटेने आला, कोणाच्या तोंडून आला, हे कळल्याविना मूळ कळत नाही.

२. सोलापूर, १८१८

१८१८ हे वर्ष महाराष्ट्राच्या इतिहासात सत्तांतराचे वर्ष आहे. फेब्रुवारीत मोहोळजवळच्या आष्टी येथील लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले आणि मे महिन्यात मन्रो यांच्या सैन्याने सोलापूरचा किल्ला घेतला. पेशवाईच्या शेवटच्या हालचालींपैकी काही या भीमाकाठच्या प्रदेशात झाल्या. याच वर्षी मोल्सवर्थ सोलापुरास होते आणि मराठी शब्द पद्धतशीरपणे जमवण्याचे त्यांचे काम येथेच सुरू झाले. मराठी-इंग्रजी आणि इंग्रजी-मराठी असे दोन्ही कोश रचण्याच्या कल्पनेचा उगमही याच काळातला आहे. मराठ्यांची सत्ता जेथे मावळत होती तेथेच त्यांच्या भाषेच्या सर्वांत मोठ्या कोशाचे बीज पडले, हा योगायोग लक्षणीय आहे.

शब्दसंग्रहाच्या दृष्टीने हा प्रदेश विलक्षण समृद्ध होता. पश्चिमेस नीरेकाठचे अकलूज, मधोमध पंढरपूर, पूर्वेस सोलापूर आणि अक्कलकोट, असा हा पट्टा मराठी आणि कन्नड यांच्या सरमिसळीचा पट्टा आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमधील आहेत, तर पंढरीच्या वाटेवर गायिले जाणारे अभंग मराठीतील. तुकोबांची पालखी अकलूजवरून पंढरीस जाते आणि तिच्याबरोबर देहू-पुण्याकडील बोली दरवर्षी या वाटेने ये-जा करते. अकलूजच्या किल्ल्याने निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि मराठे असे अनेक अंमल पाहिले. औरंगजेबाच्या छावणीच्या काळात या गावाला असदनगर असे नावही देण्यात आले होते. राज्यकर्त्यांनी दिलेले नाव दप्तरात राहिले आणि लोकांच्या तोंडचे अकलूज टिकले, ही गोष्ट शब्दांच्या आयुष्याविषयी पुष्कळ काही सांगून जाते. अंमल बदलला की काही शब्द लादले जातात, काही रुजतात आणि काही गळून पडतात. जे रुजतात त्यांचे मूळ पुढे बोलणाऱ्यांच्या लक्षातही राहत नाही.

या पट्ट्यातील मराठीत अक्का, अण्णा हे नात्यांचे शब्द कन्नडच्या शेजारामुळे घरोघर रुळलेले आहेत. अडकित्ता या शब्दात अडके म्हणजे सुपारी हा कन्नड शब्द स्पष्ट दिसतो. महसुलाचे आणि दरबाराचे शब्द बहुतेक फारसी-अरबीचे. देवधर्माचे आणि शास्त्राचे शब्द संस्कृतचे. आणि शेतीभातीचे, औतफाट्याचे, घरकामाचे शब्द प्राकृतातून किंवा त्याहूनही जुन्या थरांतून आलेले. त्यात आता छावणीच्या शब्दांची भर पडत होती. बटॅलियन किंवा प्लटून यांवरून झालेले पलटण, रिक्रूटवरून रंगरूट, ऑर्डर्लीवरून अर्दळी, सोल्जरवरून सोजीर, असे शब्द शिपायांच्या तोंडी घडत होते. उलट दिशेची वाहतूकही चालू होती. फारसीतून आलेल्या शिपाई या शब्दाचे भावंड इंग्रजीत सेपॉय झाले, लष्कर या शब्दाशी संबंधित रूप लॅस्कर होऊन खलाशांना लावले गेले, आणि मुंगूस या प्राण्याचे नाव मंगूस या रूपाने इंग्रजी कोशांत जाऊन बसले. छावणीत दुभाषाचे काम जाणणाऱ्या अधिकाऱ्याला ही देवघेव कोणत्याही ग्रंथाविना प्रत्यक्ष ऐकू येत होती.

३. कोशाची घडण

मोल्सवर्थ यांच्यापूर्वी मराठी शब्दसंग्रहाचे प्रयत्न झालेच नव्हते असे नाही. शिवकालीन राजव्यवहारकोशाने राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. त्याचा हेतू भाषा जशी आहे तशी नोंदवण्याचा नव्हता, ती जशी असावी तशी घडवण्याचा होता. विल्यम कॅरे यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे छापला गेला. त्यासाठी त्यांना वैजनाथ या पंडितांचे साहाय्य लाभले होते. १८२४ मध्ये व्हान्स केनेडी यांचा कोश मुंबईस प्रसिद्ध झाला. परंतु हे दोन्ही कोश आकाराने लहान होते, आणि नव्याने ताब्यात आलेल्या मुलखात कारभार करणाऱ्या अधिकाऱ्यांची गरज त्यांतून भागण्यासारखी नव्हती.

ती गरज मुंबई सरकारला जाणवू लागली तेव्हा मोल्सवर्थ यांची योजना सरकारच्या पाठिंब्याने मार्गी लागली. टॉमस कँडी आणि जॉर्ज कँडी हे जुळे बंधू त्यांचे साहाय्यक झाले. दोघेही लष्करी अधिकारी होते आणि १८०४ मध्ये जन्मलेले असल्यामुळे मोल्सवर्थ यांच्याहून नऊ वर्षांनी लहान होते. या तिघांच्या भोवती देशावरच्या व कोकणातल्या ब्राह्मण साहाय्यकांचा मेळा होता, आणि कोशाचा खरा पाया त्यांच्या ज्ञानावर उभा होता. याच काळात सरकारी आश्रयाने शास्त्री-पंडितांचा मराठी-मराठी कोशही तयार होत होता. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले यांनी सिद्ध केलेला हा महाराष्ट्र भाषेचा कोश १८२९ पासून शिळाछापावर निघाला. हे दोन्ही उपक्रम एकाच वातावरणात वाढलेले आहेत आणि एकाला वगळून दुसऱ्याचा विचार करता येत नाही.

१८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईस प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. मराठीचे पहिले प्रमाणभूत म्हणता येईल असे व्याकरण, दादोबा पांडुरंग यांचे, अद्याप पाच वर्षे दूर होते. मराठी गद्याला छापील स्वरूप नुकतेच येऊ लागले होते. म्हणजे प्रमाण लेखनाचा आदर्श निश्चित होण्यापूर्वीच हा कोश तयार झाला. यामुळे कोशकारांपुढे एक बिकट प्रश्न उभा राहिला. कोणत्या प्रदेशाची, कोणत्या जातीची, कोणत्या थरातली मराठी खरी मानायची? पुण्याची की कोकणची? शास्त्र्याची की कुणब्याची? दोन साहाय्यक एकाच शब्दाचे दोन उच्चार, दोन लिंगे, दोन अर्थ सांगत असतील तर निवाडा कशावरून करायचा?

मोल्सवर्थ यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर हे त्यांच्या कार्याचे मर्म आहे. त्यांनी निवाडा शक्यतो टाळला आणि नोंद केली. प्रादेशिक शब्द आले, काव्यातील शब्द आले, दुर्मिळ शब्द आले, शास्त्रीय संस्कृत शब्द आले, आणि ज्यांना ग्राम्य किंवा अशिष्ट म्हटले जाते तेही आले. प्रत्येकाला त्याच्या दर्जाची खूण केली गेली, पण दर्जामुळे कोणाला दार बंद झाले नाही. म्हणी, वाक्प्रचार, शिव्या, खेळांतले शब्द, लहान मुलांशी बोलण्याचे शब्द, जनावरांना हाकण्याचे शब्द या साऱ्यांना कोशात स्थान मिळाले. धार्मिक वृत्तीच्या, आचरणाने कडक असलेल्या एका माणसाने हे धोरण स्वीकारावे, याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. शब्दाची नोंद करणे म्हणजे त्याची भलामण करणे नव्हे, हा भेद त्यांच्या मनात स्पष्ट होता.

४. अर्थ आणि मूळ

मोल्सवर्थ यांच्या कोशाचे खरे सामर्थ्य अर्थविवेचनात आहे. पडणे, लागणे, मारणे, घालणे, उठणे यांसारख्या क्रियापदांच्या नोंदी पाहिल्या तर मराठीतील साध्या, रोजच्या शब्दांना किती अर्थ असतात हे ध्यानात येते. विद्वत्तेचा दिखाऊ शब्द स्पष्ट करणे तुलनेने सोपे असते, कारण त्याचा अर्थ एका जागी स्थिर असतो. रोज वापरात असलेला शब्द मात्र पसरत गेलेला असतो. पाऊस लागतो, भूक लागते, ठेच लागते, वेड लागते, पैसे लागतात, नोकरी लागते. या सर्वांमागे चिकटणे, स्पर्श होणे हा मूळ भाव आहे, पण तो प्रत्येक ठिकाणी सारखा जाणवत नाही. अशा शब्दाचे अर्थ क्रमाने मांडणे म्हणजे त्याच्या वाढीचा इतिहासच मांडणे होय. मोल्सवर्थ यांनी हे काम इतिहासाचा दावा न करता केले आणि वापराचे बारकावे न सोडता केले.

त्यांच्या इंग्रजीचाही येथे विचार केला पाहिजे. एका मराठी शब्दासाठी ते इंग्रजीतील अनेक पर्याय ओळीने मांडतात आणि त्यांत नित्याच्या शब्दांबरोबर जुने, बोलीतले, कमी वापरातले शब्दही असतात. मराठीतील छटा पकडण्यासाठी त्यांना स्वतःच्या भाषेचा तळ ढवळावा लागला. शेणामातीच्या, बैलगाडीच्या, नांगराच्या भाषेला लंडनच्या दिवाणखान्यातील इंग्रजी पुरी पडली नसती. त्यासाठी इंग्लंडमधील खेड्यापाड्यांतली इंग्रजीच उपयोगी होती. त्यामुळे मराठीचा हा कोश एका अर्थाने तत्कालीन इंग्रजी शब्दसंपत्तीचाही संग्रह झाला आहे. इंग्रजीचा अभ्यासकही त्यात काही शोधू शकेल.

शब्दांच्या मूळाविषयी त्यांची पद्धत वेगळी होती. संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी अशी मूळ भाषांची निदर्शक अक्षरे ते शब्दापुढे देतात आणि आवश्यक तेथे घटकशब्द कंसात नोंदवतात. या खुणांनी मराठीची मिश्र घडण प्रथमच एका दृष्टिक्षेपात दिसू लागली. परंतु या व्युत्पत्तींना मर्यादा होत्या, आणि त्या मर्यादा त्यांच्या काळाच्या होत्या. मराठी शब्द व संस्कृत शब्द यांच्यामध्ये प्राकृत व अपभ्रंश यांचे दीर्घ अंतर आहे. हे अंतर ओलांडण्याची साधने तेव्हा उपलब्ध नव्हती. जॉन बीम्स यांचे आर्यभाषांचे तुलनात्मक व्याकरण १८७२ पासून निघू लागले, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने १८७७ मध्ये दिली, हेमचंद्राची देशीनाममाला पिशेल यांच्या संपादनाने १८८० मध्ये प्रकाशात आली. हे सर्व मोल्सवर्थ यांच्या मृत्यूनंतरचे आहे. ज्या शब्दाचे संस्कृतशी साम्य दिसले त्याला संस्कृताची खूण करणे आणि ज्याचे दिसले नाही त्याला खुणेविना सोडणे, एवढेच त्यांच्या हाती होते. शंकास्पद ठिकाणी कल्पनेने मूळ रचण्यापेक्षा मौन पत्करणे त्यांनी अनेकदा पसंत केले. पुढे काही विद्वानांनी केवळ ध्वनिसाम्याच्या आधारे धाडसी व्युत्पत्ती मांडल्या, त्या पाहता या मौनाचे मोल कळते.

५. पेशाचा त्याग

मराठी-इंग्रजी कोशानंतर इंग्रजी-मराठी कोशाचे काम सुरू झाले. हे काम स्वभावतःच अधिक अवघड होते. मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगताना अनेक पर्याय पसरून ठेवता येतात. इंग्रजी शब्दाला मराठी पर्याय देताना मात्र मुळात ती कल्पना मराठीत त्याच रूपात आहे काय, हा प्रश्न उभा राहतो. कॉन्शन्स या शब्दाचे उदाहरण घेता येईल. लॅटिनमधील सह आणि जाणणे या दोन घटकांतून तो तयार झाला आहे. स्वतःच्या कृत्याचे स्वतःशीच असलेले जाणतेपण, असा त्याचा भाव. मराठीत मन, विवेक, अंतःकरण हे शब्द होते, पण प्रत्येकाची परंपरा निराळी होती. पुढे सदसद्विवेकबुद्धी हा लांबलचक शब्द रूढ झाला, त्याचे कारण हेच आहे.

या कामाच्या मध्यावर मोल्सवर्थ यांची प्रकृती खालावली आणि ते इंग्लंडला परतले. अपुरा राहिलेला कोश टॉमस कँडी यांनी पुरा केला आणि तो १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर प्रारंभ करणारे म्हणून मोल्सवर्थ आणि पूर्ण करणारे म्हणून कँडी अशी दोन्ही नावे आहेत.

याच काळात मोल्सवर्थ यांच्या जीवनात निर्णायक बदल झाला. शस्त्राचा पेशा ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी सुसंगत नाही, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी लष्करी पदाचा राजीनामा दिला आणि इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल मिळणारे निवृत्तिवेतनही नाकारले. कोणी बळजबरी केलेली नव्हती, कोणता आरोप नव्हता, वरिष्ठांशी भांडण नव्हते. सोल्जर या शब्दाचे मूळ एका सोन्याच्या नाण्याच्या लॅटिन नावात आहे. मोबदला घेऊन लढणारा तो सोल्जर. पगार हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि त्याचे लॅटिन मूळ शांत करणे, समाधान करणे या अर्थाचे आहे. इंग्रजीतील पे हा शब्दही त्याच मूळाचा. पेन्शन हा शब्द तोलणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे, कारण पूर्वी देणे नाणे मोजून नव्हे तर धातू तोलून दिले जाई. या शब्दांच्या मागे असलेला देण्याघेण्याचा करार मोल्सवर्थ यांनी शब्दशः घेतला. लढाई अयोग्य असेल तर तिचा मोबदलाही अयोग्य, आणि मोबदल्याचा उरलेला भागही अयोग्य. पद सोडून वेतन राखणारे पुष्कळ असतात, वेतनही सोडणारे थोडे.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. कोश सरकारच्या आश्रयाने झाला होता आणि त्या सरकारचे राज्य शस्त्राच्या बळावरच उभे होते. सैन्याचा त्याग करणाऱ्या माणसाने कोशाचा त्याग केला नाही. यावर असे म्हणता येईल की भाषेची सेवा त्यांना स्वतंत्र कर्तव्य वाटत असावी, आणि ख्रिस्ती धर्मप्रसारकांना व शाळांना उपयोगी पडणारे साधन म्हणूनही तिचे मोल त्यांच्या लेखी असावे. पण विसंगती त्यामुळे नाहीशी होत नाही. राज्यकर्त्याला रयतेची भाषा कळणे हे रयतेच्या हिताचेही असते आणि रयतेवरच्या सत्तेचे साधनही असते. मोल्सवर्थ यांच्या कोशाने ही दोन्ही कामे केली.

६. दुसरी आवृत्ती आणि अखेरची वर्षे

१८३१ च्या कोशाला मागणी वाढली आणि नव्या आवृत्तीची निकड भासू लागली. मुंबई सरकारने मोल्सवर्थ यांना पाचारण केले आणि १८५१ मध्ये ते पुन्हा भारतात आले. या वेळी ते सैनिक म्हणून आले नव्हते. छप्पन्न वर्षांचा, अंगावर गणवेश नसलेला हा गृहस्थ केवळ शब्दांसाठी समुद्र ओलांडून आला होता. सहा वर्षांच्या श्रमानंतर १८५७ मध्ये सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून बाहेर पडली. शब्दसंख्या सुमारे ६०,००० झाली होती. मराठीचे घटक, तिचा प्रसार आणि तिचा वापर यांविषयीचे डॉ. जॉन विल्सन यांचे टिपण या आवृत्तीला जोडलेले आहे. मराठीत संस्कृतोद्भव थराबरोबर दक्षिणेकडील भाषांशी नाते सांगणारा थरही आहे, या विचाराला त्यात वाव मिळाला. पुढे भांडारकरांनी ज्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राकृत पूर्वपीठिकेची शास्त्रीय मांडणी केली ती याच विल्सन यांच्या नावाची होती.

१८५७ हे वर्ष उत्तर हिंदुस्थानात उठावाचे वर्ष होते. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमध्ये आणखी एक घटना घडली. रिचर्ड ट्रेंच यांनी तेथील फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे इंग्रजी कोशांच्या उणिवांविषयी निबंध वाचले. कोशकार हा भाषेचा इतिहासकार आहे, चांगले शब्द निवडणारा आणि वाईट शब्द टाकणारा परीक्षक नव्हे, असा त्यांचा प्रतिपाद्य विषय होता. या विचारातून पुढे ऑक्सफर्डच्या महाकोशाचा उपक्रम उभा राहिला. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि १८२८ ते १८५७ या काळातल्या इंग्रजी कोशांना मागे टाकून तो १९२८ मध्ये पूर्ण झाला. सर्व शब्दांना दार उघडे ठेवण्याचे जे तत्त्व इंग्रजी भाषेच्या संदर्भात १८५७ मध्ये मांडावे लागले, ते मराठीच्या संदर्भात मोल्सवर्थ यांनी १८३१ मध्येच बऱ्याच अंशी आचरणात आणले होते. शब्दाचा पहिला आढळ आणि कालानुक्रमे दिलेली अवतरणे ही ऐतिहासिक कोशाची अंगे मात्र त्यांच्या कोशात नाहीत. तत्कालीन मराठीत छापील ग्रंथच इतके थोडे होते की हे शक्यही नव्हते. त्यांचा आधार पोथीपेक्षा बोलणे हा होता.

दुसऱ्या आवृत्तीनंतर काही वर्षांनी मोल्सवर्थ मायदेशी परतले. लोकांनी त्यांना मोलेसरशास्त्री असे नाव दिले होते. परक्या नावाला मराठी वळण देऊन त्यापुढे पंडिताची पदवी लावणारा हा शब्द लोकांनी घडवला, आणि कोशकाराच्या वाट्याला याहून उचित सन्मान येणे कठीण. १३ जुलै १८७१ रोजी त्यांचे निधन झाले. बाबा पदमनजी यांनी त्यांच्या कोशाचा संक्षेप १८६३ मध्येच प्रसिद्ध केला होता, त्यामुळे शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या हाती हा कोश त्यांच्या हयातीतच पोहोचला.

७. मूल्यमापन

मोल्सवर्थ यांच्या कोशाचे ऋण पुढील सर्व कोशकारांवर आहे. दाते-कर्वे मंडळाचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला, त्याला मोल्सवर्थचा पाया आहे. झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीचा ऐतिहासिक अभ्यास केला, तेव्हा शब्दसामग्रीसाठी त्यांना या कोशाचा आधार घ्यावा लागला. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ मध्ये निघाला. मोल्सवर्थ यांनी जेथे केवळ भाषेची खूण केली होती तेथे या कोशाने प्राकृत, देशी आणि द्राविड रूपांची साखळी देण्याचा प्रयत्न केला. म्हणजे शब्दाच्या अर्थाची चौकशी एका शतकात झाली आणि मूळाची चौकशी पुढच्या शतकात. आज संगणकावरही मोल्सवर्थ शोधता येतो, आणि जुन्या कागदपत्रांचा वा संतवाङ्मयाचा अभ्यास करणारा विद्यार्थी अजूनही प्रथम तेथेच वळतो.

तरीही दोन आक्षेप विचारात घेतल्याशिवाय मूल्यमापन पुरे होणार नाही. पहिला आक्षेप श्रेयाचा. ज्या ब्राह्मण साहाय्यकांनी शब्द आणले, अर्थ सांगितले, उदाहरणे दिली, त्यांची नावे मुखपृष्ठावर नाहीत. कँडी बंधूंची आहेत. १८२९ च्या कोशामुळे सहा शास्त्र्यांची नावे तरी इतिहासाला ज्ञात राहिली. कोशाला व्यक्तीचे नाव चिकटले की त्यामागची मंडळी अदृश्य होतात, हे मोल्सवर्थ यांच्या बाबतीत विशेष खरे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. साहाय्यक एका वर्णाचे असल्यामुळे शेतकरी, कारागीर, अंत्यज आणि स्त्रिया यांचे शब्द कोशात आले ते बहुधा दुसऱ्याच्या तोंडून आले. कुणब्याच्या शब्दाला ग्राम्य अशी खूण करणारा कुणबी नव्हता. जातिवाचक नोंदींतील वर्णनांत सांगणाऱ्याची दृष्टी उतरली आहे, आणि ती लिहून घेणाऱ्याने क्वचितच तपासली आहे. म्हणून या कोशातील अर्थ वाचताना दोन प्रश्न सतत विचारावे लागतात. हा शब्द कोण वापरत होते, आणि त्याचा अर्थ कोणी सांगितला? ज्या ठिकाणी या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत त्या ठिकाणी कोशाची साक्ष सावधपणे घ्यावी लागते.

हे दोन्ही आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. त्या काळी हे शब्द नोंदले गेले नसते तर त्यांतील पुष्कळ शब्द, विशेषतः ग्राम्य ठरवले गेलेले शब्द, आज कोणत्याही रूपात उपलब्ध नसते. मुद्रणाने आणि शाळांनी प्रमाण मराठी रूढ केली तेव्हा प्रथम तेच शब्द मागे पडले. भीमा-नीरेच्या खोऱ्यात अजूनही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात असे शब्द आढळतात की जे नव्या कोशांत नाहीत, पण मोल्सवर्थमध्ये आहेत. ते शब्द वापरणाऱ्यांकडूनच त्यांचे अर्थ आणि प्रयोग पुन्हा नोंदवून घेणे, आणि मोल्सवर्थ यांच्या नोंदींशी ते ताडून पाहणे, हे काम या भागातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना करण्याजोगे आहे. १८१८ मध्ये सोलापुरास सुरू झालेल्या शब्दसंग्रहातील जी उणीव साहाय्यकांच्या निवडीमुळे राहिली, ती भरून काढण्याची वाट त्यातूनच निघू शकेल.